पिकाच्या रोगाचें छायाचित्र

पिकावर रोग दिसतांच त्याचें छायाचित्र मोबाईलनें तज्ज्ञांकडे पाठवितां येतें. परंतु मांडणी सदोष असल्यास निदान चुकतें व फवारणीचा पैसा वायां जातो. कपाशीचेंच उदाहरण घेऊं. तुडतुड्यांनीं रस शोषल्यास पानांच्या कडा खालीं मुरडून तांबूस होतात; मॅग्नेशियमच्या उणिवेनें पान तांबडें पडलें तरी शिरा हिरव्या राहतात. दोहोंचे उपाय निराळे. नुसत्या लाल पानाच्या अस्पष्ट चित्रावरून हा भेद कळावा कसा?

यास्तव तीन प्रकारचीं चित्रें घ्यावीं, असें आम्ही सुचवितों. पहिलें शेताचें. त्यांत क्षितिज वरच्या तृतीयांशावर ठेवावें. म्हणजे खालचे दोन भाग पिकास मिळून रोग सर्वत्र आहे कीं ठिकठिकाणीं, हें दिसतें. तृतीयांशाचा हा नियम जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकारानें १७९७ सालीं ग्रामीण देखाव्यांवरील आपल्या पुस्तकांत सांगितला. दुसरें चित्र संपूर्ण झाडाचें. तें खालीं बसून, झाडाच्या उंचीवरून घ्यावें. तिसरें पानाचें. रोगट पानाशेजारीं निरोगी पान, मागें साधा कागद व मापासाठीं नाणें ठेवावें. तुडतुडे पानाखालीं असतात. म्हणून एक पान न तोडतां हळूच उलटून तीही बाजू टिपावी.

वेळ सकाळची, ऊन सौम्य असतांनाची साधावी. सूर्य पाठीशीं असावा, मात्र आपली सावली पिकावर पडूं देऊं नये. चित्रांसोबत पेरणीची तारीख, वाण व दिलेलीं खतें अवश्य कळवावीं.