दाढेच्या मुळाचे माप

विहीर किती खोल आहे हे कसे पाहतात? दोराला दगड बांधून सोडतात. दगड टेकला की दोर मोजतात. दाढेच्या मुळातही अशीच एक अरुंद नळी असते. तिच्या खालच्या टोकाला बारीक तोंड असते. त्या तोंडातून नस आत येते.

कीड खोल गेली की नस सडते. दाढ ठणकू लागते. मग आतली घाण काढून, नळी धुऊन ती भरून टाकतात. यालाच रूट कॅनाल म्हणतात. आपल्या वऱ्हाडात अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत.

या कामात खरी कसोटी मापाची. दाढ वरपासून मुळाच्या टोकापर्यंत साधारण २० मिलिमीटर, म्हणजे पाऊण इंच. सुई आखूड पडली तर घाण आत राहते, अन् भरलेली दाढ पुन्हा उठते. सुई पुढे गेली तर हाडाला टोचते.

एक्स-रे काढतात, तो काढावाच. मुळे किती, वाकडी किती, ते त्यात दिसते. पण एक्स-रे म्हणजे सपाट सावली. नळीचे तोंड पुष्कळदा टोकाच्या जरा बाजूला उघडते. ते सावलीत कळत नाही.

तेथे विजेचे यंत्र कामी येते. जपानात सुझुकी यांनी १९४२ साली एक गोष्ट पाहिली. सुई नळीच्या तोंडाशी पोचली की विजेला होणारा अडथळा ठराविक असतो. १९६२ साली सुनादा यांनी त्यावरून माप घेण्याची रीत बसवली. एक आकडा ओठाला अडकवतात, दुसरी तार सुईला जोडतात. वीज अगदी थोडी असते, झटका बसत नाही.

पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यातले पाणी आपल्याला ठाऊक आहे. खाऱ्या पाण्यातून वीज लवकर धावते. नळीत रक्त, पू किंवा औषध असले की तसेच होते. जुनी यंत्रे त्याने फसत. आताची यंत्रे दोन तऱ्हेची वीज सोडून ताडा घेतात. त्यामुळे ओल्या नळीतही माप बहुतेक वेळा अर्ध्या मिलिमीटरच्या आत बसते. तरी सुई दाढेतल्या जुन्या चांदीला टेकली, मूळ तडकलेले असले किंवा बॅटरी उतरली, तर आकडा चुकतो.

आम्हांला विचाराल तर, यंत्राचा आकडा एक्स-रेशी ताडून पाहणारा डॉक्टर बरा. जुळले नाही तर तो पुन्हा मापतो. वेळ लागतो, चिडू नये. कोणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर खुर्चीवर बसण्याआधीच तसे सांगावे.