प्रवास विमा : परिस्थितीनुरूप निवडीचे अर्थशास्त्र

जयपूर शहराच्या दक्षिणेस, सांगानेर येथील विमानतळाजवळ, प्रताप नगर ही राजस्थान गृहनिर्माण मंडळाने वसविलेली मोठी वसाहत आहे. स्पर्धा परीक्षांच्या शिकवणी वर्गांसाठी मंडळाने येथेच ‘कोचिंग हब’ उभारले आहे. या वसाहतीतून एकाच दिवशी तीन प्रवासी निघाले, अशी कल्पना करू. पहिला, परीक्षेसाठी रेल्वेने मुंबईस जाणारा विद्यार्थी. दुसरा, दहावी न झालेला व सौदी अरेबियात कामासाठी निघालेला गवंडी. तिसरे, जर्मनीतील मुलीकडे दोन महिने राहण्यास निघालेले, मधुमेह असलेले पासष्ट वर्षांचे निवृत्त शिक्षक. तिघांनाही विम्याची गरज आहे. परंतु तिघांसाठी एकच विमा योग्य ठरणार नाही. असे का, हे समजून घेणे हा या लेखाचा हेतू आहे.

मूलभूत तत्त्व

विमा म्हणजे जोखमीचे सामूहिकीकरण होय. अनेकांनी थोडा हप्ता भरावा आणि ज्या मोजक्यांवर आपत्ती येईल त्यांची हानी त्या निधीतून भरून निघावी, ही त्यामागील कल्पना आहे. यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. जी हानी वारंवार होते पण अल्प असते, ती स्वतःच्या बचतीतून सोसावी. जी क्वचित होते पण कुटुंबाचा कणा मोडते, तिचाच विमा घ्यावा. बॅग उशिरा पोहोचणे ही पहिल्या प्रकारची, तर परदेशातील शस्त्रक्रिया ही दुसऱ्या प्रकारची हानी आहे. जाहिरातीत मात्र दोन्ही लाभ एकाच ठळक अक्षरांत छापलेले असतात.

रेल्वे प्रवासी

ई-तिकीट घेणाऱ्या प्रवाशांसाठी ऐच्छिक प्रवास विमा योजना १ सप्टेंबर २०१६ पासून सुरू झाली. डिजिटल व्यवहारांना उत्तेजन देण्यासाठी डिसेंबर २०१६ पासून ऑगस्ट २०१८ अखेरपर्यंत ती विनामूल्य होती. त्यानंतर पुन्हा हप्ता लागू झाला. २०२४ मध्ये तो प्रति प्रवासी ४५ पैसे होता. रेल्वे अपघातात मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व आल्यास १० लाख रुपये, कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी ७.५ लाखांपर्यंत आणि रुग्णालयीन खर्चासाठी २ लाखांपर्यंत भरपाई, असे तिचे स्वरूप आहे. निश्चित अथवा आरएसी तिकिटालाच ती लागू होते.

येथे एक लहानसे गणित करू. केवळ मृत्यूचा लाभ धरला, तर ४५ पैशांना १० लाखांनी भागल्यास सुमारे २२ लाखांत एक ही संभाव्यता येते. प्रत्यक्ष धोका याहून कमी असल्यास हप्ता अपेक्षित लाभापेक्षा अधिक ठरेल. तरीही विमा घेणे शहाणपणाचेच आहे. कारण ४५ पैसे गमावल्याने कोणाचे काही अडत नाही, कमावता माणूस गमावल्याने मात्र घर उघडे पडते. यालाच अर्थशास्त्रात जोखीम-विमुखता म्हणतात.

विद्यार्थ्यांनी येथे दोन गोष्टी वेगळ्या कराव्यात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १२४-अ नुसार मिळणारी भरपाई ही वैधानिक आहे. तिच्यासाठी विमा घ्यावा लागत नाही. गाडीतून अपघाताने पडणे यांसारख्या घटनांत, रेल्वेची चूक सिद्ध न करताही ती मागता येते. मात्र आत्महत्या, नशा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य इत्यादी अपवाद आहेत. मृत्यूसाठीची रक्कम १ जानेवारी २०१७ पासून ४ लाखांवरून ८ लाख रुपये करण्यात आली. केवळ तिकीट सापडले नाही म्हणून मृत व्यक्ती प्रामाणिक प्रवासी नव्हती असे ठरत नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात (२०१८) दिला. खिडकीवर तिकीट काढणाऱ्या गरीब प्रवाशाला ऐच्छिक विमा मिळत नाही. त्याला आधार या कलमाचाच आहे.

स्थलांतरित कामगार

दहावी न झालेल्या व्यक्तीस आखाती देशांसह ठराविक देशांत नोकरीसाठी जाताना उत्प्रवास परवानगी घ्यावी लागते. अशा कामगारांसाठी २००३ मध्ये प्रवासी भारतीय विमा योजना सुरू झाली व तिचा विमा अनिवार्य करण्यात आला. २०१७ मधील सुधारणेनुसार अपघाती मृत्यू वा कायमच्या अपंगत्वासाठी १० लाख रुपयांचे संरक्षण असून दोन वर्षांसाठी २७५ व तीन वर्षांसाठी ३७५ रुपये (कर वेगळा) असा हप्ता ठरविण्यात आला. नोकरीसंबंधीच्या वादात कायदेशीर खर्चाचे साहाय्यही तीत आहे.

येथे शासनाने सक्ती का केली? कारण निवडीचे स्वातंत्र्य माहितीवर अवलंबून असते. कर्ज काढून निघालेला कामगार कराराची भाषा वाचू शकत नाही व दूरच्या धोक्याला वर्तमान खर्चापेक्षा कमी लेखतो. त्याची हानी शेवटी गावातील कुटुंबावर व सार्वजनिक तिजोरीवर पडते.

ज्येष्ठ प्रवासी

शेंगेन देशांच्या अल्पकालीन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण आवश्यक आहे. ते संपूर्ण शेंगेन क्षेत्रात व संपूर्ण मुक्कामात लागू असावे लागते. ही मर्यादा व्हिसासाठी आहे, गरजेचे मोजमाप नव्हे. वय, आजार व मुक्काम यांनुसार रक्कम वाढविणे इष्ट.

मधुमेह अर्जात लिहिला तर हप्ता वाढेल, म्हणून तो लपविण्याचा मोह होतो. विमा करार परम सद्भावाच्या तत्त्वावर उभा असतो. महत्त्वाची माहिती दडविल्यास दावा फेटाळला जाऊ शकतो. अर्जदाराला स्वतःचा धोका कंपनीपेक्षा अधिक ठाऊक असतो. या माहितीच्या असमतोलातून ‘प्रतिकूल निवड’ उद्भवते. म्हणूनच पूर्वीपासूनचे आजार बहुतेक प्रवास विम्यांत वगळलेले किंवा केवळ जीवघेण्या आणीबाणीपुरते मर्यादित असतात. शिक्षकांनी हेच कलम प्रथम वाचावे.

निवडीचे निकष

१. आपली सर्वांत मोठी संभाव्य हानी कोणती, हे आधी ठरवावे.
२. कायद्याने आधीच काय मिळते, ते पाहावे.
३. लाभांच्या यादीपूर्वी अपवादांची यादी वाचावी.
४. मुदत परतीच्या दिवसापर्यंत आहे, याची खात्री करावी.
५. नामनिर्देशन अवश्य भरावे. रेल्वे योजनेत ते तिकीट काढल्यानंतर स्वतंत्रपणे भरावे लागते. ते राहून गेल्यास रक्कम कायदेशीर वारसांना मिळते. पण वारसा सिद्ध करण्याचा भार शोकग्रस्त कुटुंबावर येतो.

दावा नाकारल्यास प्रथम कंपनीकडे लेखी तक्रार करावी. समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. जयपूर, मुंबई व पुणे येथे त्यांची कार्यालये आहेत.

समारोप

विमा अपघात टाळत नाही. अपघातानंतरचे दारिद्र्य टाळतो. प्रताप नगरातील तिघांपैकी विद्यार्थ्याला नामनिर्देशनाचा रकाना, गवंड्याला परवानगीबरोबरचे विमापत्र आणि शिक्षकांना अपवादांचे कलम समजले, तर त्यांची निवड योग्य झाली असे म्हणता येईल. परीक्षेत ‘सामाजिक सुरक्षा’ या विषयावर लिहिताना वैधानिक, ऐच्छिक व अनिवार्य या तीन प्रकारांतील भेद उदाहरणांसह मांडावा; आणि स्वतः पुढचे तिकीट काढताना तो आठवावा.