पोटात जंत आहेत, हे ओळखावे कसे?

पोट दुखते. भूक लागत नाही. मळमळते. मग घरातले कोणी म्हणते, "जंत झाले असतील. गोड फार खाल्ले ना!" पोर झोपेत दात खाते, तेही जंतांमुळेच, असे आपण धरून चालतो.

पण गोड खाल्ल्याने जंत होत नाहीत. दात खाणे हाही जंतांचा पुरावा नव्हे.

जंतांची अंडी उघड्यावरच्या शौचातून मातीत मिसळतात. न धुतलेल्या हातांनी, न धुतलेल्या भाजीतून ती तोंडात जातात. गोल जंत असाच पोटात येतो. तो वीतभर लांब वाढतो. त्याची मादी दिवसाला २ लाखांपर्यंत अंडी घालते.

अंकुशकृमी बोटाच्या पेरापेक्षा लहान असतो. त्याची अळी ओल्या मातीतून अनवाणी पायाच्या कातडीत शिरते. पुढे तो आतड्याला चिकटून रक्त पितो. पावसाळ्यात वावरात निंदायला जाणारी बाई फिकी पडते, तिला धाप लागते. घरचे म्हणतात, "कामाचा शीण आहे." खरे कारण आतड्यात असू शकते.

मग खात्री कशी करावी? अंडी नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. सूक्ष्मदर्शक यंत्राखाली ती दिसतात. म्हणून शौच तपासून घ्यावे.

दवाखान्यातून कोरडी, स्वच्छ डबी आणावी. सुपारीएवढे शौच तीत घ्यावे. लघवी, पाणी, माती मिसळू देऊ नये. डबी लवकर पोचवावी. अंडी रोज सारखी पडत नाहीत. म्हणून एका तपासणीत काही दिसले नाही, तरी डॉक्टर वेगवेगळ्या दिवशी पुन्हा तपासायला सांगतात. फिकेपणा असेल, तर रक्तही तपासतात.

लहान पोराला रात्री बैठकीच्या जागी खाज सुटते का? ते सुतासारखे बारीक कृमी असू शकतात. त्यांची अंडी शौचात क्वचितच सापडतात. सकाळी धुण्याआधी तेथे चिकटपट्टी लावून ती तपासतात.

पोटदुखीची कारणे पुष्कळ आहेत. आव झाली असेल, तर तिचे औषध निराळे. म्हणून अंदाजाने गोळी घेऊ नये. गरोदर बाईने तर डॉक्टरला विचारल्याशिवाय मुळीच घेऊ नये.

२०१५ पासून देशात जंतनाशक दिन पाळतात. त्या दिवशी शाळा-अंगणवाडीत मुलांना अल्बेंडाझोलची गोळी देतात. ती मुलांना जरूर द्यावी.

आपल्या अमरावती जिल्ह्यातील शेंडगावचे गाडगेबाबा हाती खराटा घेऊन गावे झाडीत. गाव स्वच्छ राहिले, तर जंत पोटापर्यंत येणारच नाहीत.

प्रश्न :
१. अंकुशकृमी अंगात कसा शिरतो?
२. शौच पुन्हा का तपासतात?
३. तुमच्या घरात कोण फिके दिसते? त्यांची तपासणी केव्हा करणार?