वालाच्या दाण्यातील रोधक

जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनी यांचे नाव वर्गात निघाले, की विद्यार्थी एकच प्रसंग सांगतात. 1933 साली मुंबई विद्यापीठाची पदवी घेऊन त्या बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत गेल्या, तेव्हा संचालक सर सी. व्ही. रामन यांनी केवळ स्त्री म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. वडील व काका त्याच संस्थेत शिकलेले रसायनज्ञ! असे घर आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला आलेले नाही. तरीही त्यांच्यासाठी दार बंदच होते. त्या मागे हटल्या नाहीत. अखेर अपमानकारक अटींवर प्रवेश मिळाला.

परंतु आत गेल्यावर त्यांनी काय केले, हे आपण क्वचितच शिकवतो. इतिहासाचा शिक्षक म्हणून या दोषाचा मीही वाटेकरी आहे.

बंगळूरला त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. पुढे केंब्रिज येथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशीश्वसनात सायटोक्रोम-सी या द्रव्याचा सहभाग असल्याचे त्यांनी दाखवले. 1939 साली पीएच.डी. मिळाली, प्रबंध अवघा चाळीस पानांचा. जाड ग्रंथालाच विद्वत्ता मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

मायदेशी परतल्यावर काही वर्षांनी त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या व पुन्हा कडधान्यांकडे वळल्या. आपल्या शरीरात ट्रिप्सिन हे विकर प्रथिनांचे तुकडे करते, म्हणून ती पचतात. कच्च्या वालात या विकराला अडवणारा रोधक असतो. सोहोनी व त्यांचे सहकारी आंबे यांनी तो स्फटिकरूपात वेगळा केला. 1955 साली ‘नेचर’मध्ये ते प्रसिद्ध झाले. हुडकेश्वरच्या आपल्या वसतिगृहात वाल भिजवून नीट शिजवतात, त्यामागे हेही कारण आहे. शिजवल्याने रोधकाचा जोर ओसरतो.

हे सांगत असता नववीतील एका मुलीने विचारले, “सर, पचन अडवणाऱ्या अशा द्रव्याचा उपयोग काय?”

प्रश्न मोलाचा होता. रोगजंतूंचेही जीवन विकरांवर चालते. एड्सच्या विषाणूला आपली प्रथिने कापून घेण्यासाठी एक विकर लागते. ते अडवले, की नवा विषाणू पक्व होत नाही. 1995 साली साक्विनाविर हे असे पहिले औषध अमेरिकेत मान्य झाले. ते वालातून आलेले नाही. विकर अडवण्याचे तत्त्व मात्र तेच.

तिचा पुढचा प्रश्न होता, “मग त्या औषधाने आपले ट्रिप्सिन कसे अडत नाही?” दोन्ही विकरांच्या खाचांची घडण वेगळी असते. एकीत घट्ट बसेल आणि दुसरीत बसणार नाही, असा रेणू शोधण्यातच औषध-संशोधकाची वर्षे जातात.