हरणासाठी काडतूस निवडताना

भारतात हरणाची शिकार १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंद आहे. कॅलिफोर्नियात मात्र शिकारीचे प्रशिक्षण, परवाना आणि हरणाचा टॅग घेऊन हंगामात ती करता येते. तिथे पहिल्या हंगामाची तयारी करणाऱ्या मराठी माणसासाठी ही कृती.

रायफल रिकामी असल्याची खात्री करून नळीवर कोरलेले काडतुसाचे नाव वाचा. खोक्यावर तेच नाव हवे, अक्षरन् अक्षर; .२७० विंचेस्टर आणि .२७० विंचेस्टर शॉर्ट मॅग्नम ही वेगळी काडतुसे आहेत. रायफलच घ्यायची असेल तर .२४३ किंवा .३०८ विंचेस्टर पुरते. जास्त जोराच्या मागे लागू नका. खांद्याला बसणाऱ्या धक्क्याच्या धास्तीने नेम हलतो आणि जखमी जनावर झाडीत शिरून तडफडते.

आता गोळी. पूर्ण धातूने मढवलेली टणक गोळी घेऊ नका. ती शरीरातून आरपार जाते आणि हरीण लवकर मरत नाही. आत शिरल्यावर फुलणारी गोळी हवी. कायदाही तेच सांगतो. ती शिशाची नको. शिशाचे बारीक कण मांसात विखुरतात, तेच घरच्या ताटात येतात. रानात टाकलेली आतडी खाऊन कॅलिफोर्निया काँडॉर गिधाडे विषबाधेने मरतात. १९८२मध्ये जगात ही गिधाडे जेमतेम बावीस उरली होती. १ जुलै २०१९पासून राज्यभर शिकारीत शिसे वापरायला बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.

म्हणून खोक्यावर ‘शिसेविरहित’ असल्याची नोंद पाहा. अशी गोळी बहुधा तांब्याची असते. तांबे शिशापेक्षा हलके, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. .३०८मध्ये शिशाची १६५ ग्रेनची वापरत असाल, तर तांब्याची १५० ग्रेनची घ्या. हलकी गोळी वेगाने जाते, आणि तांबे नीट फुलायला वेग लागतोच.

दोन-तीन प्रकारांचे एकेक खोके आणा. रायफल टेबलावर टेकवून शंभर यार्डांवर प्रत्येकाच्या तीन-तीन गोळ्या झाडा, मधे नळी थंड होऊ द्या. ज्या गोळ्या सर्वांत जवळजवळ लागतील, तो प्रकार तुमच्या रायफलचा. रायफलवरची दुर्बीण त्याच गोळीला जुळवा. मग टेबल सोडून गुडघ्यावर बसून झाडा. सगळ्या गोळ्या सहा इंचांच्या वर्तुळात पडतील तेवढेच तुमचे अंतर. त्यापलीकडच्या हरणावर गोळी झाडायची नाही.

हंगामाला पुरतील इतकी काडतुसे एकाच लॉटची घ्या. लॉट बदलला तर नेम पुन्हा तपासा.