डावखुऱ्या शेतकऱ्याने घडीचा चाकू कसा निवडावा

प्रतापगडच्या परिसरात धानाच्या बांधीवर खिशातील घडीचा चाकू अनेक कामी येतो. पोत्याची सुतळी कापणे, बांबूची कमटी सोलणे, पऱ्ह्याच्या जुडीचा बंध तोडणे ही त्यांपैकी काही. मात्र बहुतेक चाकू उजव्या हातासाठी घडविलेले असतात. डावखुऱ्याचे बोट कापले, की लोक त्याच्या हातास दोष देतात. वस्तुतः दोष बहुधा चाकूचा असतो.

चाकू घेण्यापूर्वी तो दुकानातच डाव्या हाताने उघडून व मिटून पाहावा. धार खाली व टोक समोर धरले असता नखाची खाच सामान्यतः पात्याच्या डाव्या अंगास दिसते. ती दोन्ही अंगांस असल्यास उत्तम. मुठीच्या आत पातळ पत्र्याची कळ असेल, तर ती उजव्या अंगठ्याने सारण्यासाठी असते. डाव्या हाताने ती तर्जनीने दाबावी लागते व पाते मिटताना बोट वाटेत येते. म्हणून मुठीच्या पाठीवर मध्यभागी कळ असलेला चाकू घ्यावा.

आंब्याची कलमे बांधणाऱ्याने धारही पाहावी. कलमाच्या चाकूस पुष्कळदा एकाच, म्हणजे उजव्या अंगास उतार असतो. डाव्या हाताने चालविल्यास असे पाते बाजूस वळते, काप सपाट येत नाही, खुंट व कलमकाडीच्या साली जुळत नाहीत आणि कलम वाळते. डाव्या अंगास उतार असलेले पाते न मिळाल्यास दोन्ही अंगांस सारखा उतार असलेले घ्यावे.

ग्रामस्तरीय कार्यकर्त्यांनी प्रात्यक्षिकाच्या वेळी डावखुऱ्यास शेजारी न बसविता समोर बसवावे, म्हणजे शिकविणाऱ्याचा उजवा हात त्यास आरशातल्यासारखा आपल्या डाव्या हातासमोर दिसेल.