आईनेच लिहिले तेव्हा



मराठी साहित्यातील आई म्हटले की प्रथम ‘श्यामची आई’ आठवते. साने गुरुजींनी हे पुस्तक फेब्रुवारी १९३३ मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिले. त्यात आई दिसते ती मुलाच्या डोळ्यांतून, तीही तिच्या मृत्यूनंतर. पुढच्याच वर्षी लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला. इथे आई स्वतःच बोलते.

१८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन नातेवाइकांकडे राहिल्या. नवरा हवा, मुलाला बाप हवा, पण सोवळे सुटेना! काही वर्षांनी त्या नगरला टिळकांकडे आल्या, तरी आरंभी त्यांनी आपली चूल वेगळीच ठेवली. स्वतःला पटले तेव्हाच, १९०० साली, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. (हे कुटुंब आपल्याला परके नाही, १९१७ मध्ये टिळकांनी ‘देवाचा दरबार’ साताऱ्यातच सुरू केला.)

सेमिनरीत मी ‘त्याग’ या शब्दाच्या कितीतरी व्याख्या पाठ केल्या. लक्ष्मीबाई तो शब्द फारसा वापरतच नाहीत. नवऱ्याशी झालेली भांडणे, रुसवे, स्वतःचे अज्ञान, सारे त्या हसत सांगतात. मुलाने लिहिलेली आई बहुधा चुकत नाही. ही चुकते, रागावते, आणि म्हणूनच मला ती आपल्या घरांतली वाटते.

माझ्याकडे पुस्तकाची एक प्रत आहे. मिस्सानंतर मागून न्यावी. आईला वाचता येत नसेल तर तिला वाचून दाखवावी.